हलीमाआपा आणि खाडीपलीकडचं अंगण

गेल्या महिन्यातल्या एका शुक्रवारी सकाळी मी गच्चीवर सांडगे घालत होते, तेवढ्यात फोन वाजला. नंबर परदेशातला होता. पलीकडचा तरुण आवाज आधी इंग्रजीत बोलला, मग अडखळत मराठीत. "तुम्ही सुमन बीए का?" मी हो म्हटलं. तो हलीमाआपांचा नातू इम्रान, अबू धाबीहून बोलत होता. तिथल्या रीम आयलंडवर कुठल्याशा उंच इमारतीत राहतो. "दादी गेली," तो म्हणाला. "काल दुपारी, गावाला." विमानाचं तिकीट लगेच मिळेना, म्हणून दादीच्या जुन्या डायरीचे त्याच्याकडे असलेले फोटो बघून तो एकेकाला कळवत बसला होता. पहिल्याच पानावर माझं नाव होतं. "सॉरी हं, मला वाटलं बीए हे तुमचं आडनाव आहे," असं तो म्हणाला आणि मला हसू आलं. हसता हसताच मी जिन्याच्या पायरीवर बसले... सांडगे तसेच राहिले.

बीए हे माझं आडनाव नाही, पण ते नाव मला आपांनीच दिलेलं. माझे वडील विट्याच्या हायस्कुलात शिपाई होते. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं, आणि मी कराडच्या कॉलेजातून बी.ए. झाले, तेव्हा वडिलांनी शाळेची घंटा वाजवून ती बातमी सगळ्या वर्गांना सांगितली होती. हेडमास्तर रागावले नाहीत, हे त्यांचे उपकार. दुबईत पहिल्याच दिवशी आपांनी विचारलं, काय शिकलीस, आणि मी मोठ्या अभिमानाने सांगितलं. त्या स्वतः उर्दू चौथी. तेव्हापासून माझी पोळी करपली, चप्पल चुकीच्या जागी काढली, की त्या म्हणायच्या, "अगो बीए, हे नाही वाटतं शिकवलं कॉलेजात?" त्या टोमण्यात कडवटपणा कधीच नव्हता. मशेरी लावलेल्या दातांनी त्या असं हसायच्या, की ज्याला टोमणा मारला तोही हसायचा.

साठच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. तेव्हा अमिराती एकत्र झाल्या नव्हत्या, आम्ही नुसतं दुबई म्हणायचो. लग्नाला सहा महिने झाले होते. हे तिथल्या एका बांधकाम कंपनीत ओव्हरसीअर म्हणून लागले आणि कंपनीने त्यांना राहायला जागा दिली ती एकट्या पुरुषांच्या मेसमध्ये. बायकोला आणायचं असेल तर घर तुमचं तुम्ही शोधा, दोन महिन्यांत सापडलं नाही तर तिला परत पाठवा, असं साहेबांनी स्पष्ट सांगितलेलं. करार तीन वर्षांचा, मध्ये रजा नाही. म्हणजे घर मिळालं तर संसार, नाहीतर तीन वर्षं मी विट्याला आणि हे इथे. एवढी साधी गोष्ट होती. पण बोटीतून सहा दिवस उलट्या करत मी आले होते ते संसार करायला, आणि खोल समुद्रात उभ्या बोटीवरून दोराच्या शिडीने, नऊवारीतल्या बाईच्या धीटपणाने पण पाचवारी साडीत, लाँचमध्ये उतरले होते. मला परत जायचं नव्हतं.

आपांचे यजमान करीमभाई बर दुबईत खाडीच्या काठाला गलबतांचं सामान विकायचे... दोर, शिडाचं कापड, खिळे, डांबर. मूळचे दाभोळ खाडीच्या बाजूचे. हे त्यांच्याकडे दोर घ्यायला गेले आणि मजुराशी मराठीत काही बोलले, ते ऐकून करीमभाईंनी दोर बाजूला ठेवून आधी चहा मागवला. आमची अडचण कळल्यावर ते आम्हाला सरळ घरी घेऊन गेले. आपांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, सामानाची खोली रिकामी करा, ही पोर तिथे झोपेल. ह्यांना मात्र मेसमध्येच राहावं लागलं, शुक्रवारी ते भेटायला यायचे. पाहुण्यासारखे, तासभर.

दीड महिना आम्ही घर शोधत होतो. बाजारातल्या माड्या पुरुषांनी भरलेल्या, आणि गल्ल्यांमधली घरं स्थानिक लोकांची. त्या गल्ल्यांच्या वस्तीला तिथे फरीज म्हणतात. एका फरीजमध्ये सगळे एकमेकांच्या नात्यातले किंवा पिढ्यानपिढ्यांचे शेजारी. तिथे परक्याला भाड्याने खोली देण्याची रीत नव्हती. मग आपांनीच एक नाव काढलं. खाडीपलीकडे, देरामध्ये, उम्म सईद नावाची एक विधवा बाई राहायची. सईदची आई म्हणून उम्म सईद, तिथे बायकांना थोरल्या मुलाच्या नावानेच हाक मारतात. तिचा नवरा नाखुदा होता, म्हणजे गलबताचा तांडेल. तो जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगा कुवेतला नोकरीला. अंगणालगतची एक खोली रिकामी पडलेली. आपांचं तिच्याकडे आठवड्यातून दोनदा तरी जाणं असे. त्या परदेशात आपांना जीव लावणारं असं ते एकच घर होतं, हे त्या स्वतःच मला सांगायच्या. मात्र खोलीचं नाव आपण काढायचं नाही, आधी तिने तुला बघू दे, असं त्यांनी मला बजावलं. "एकदा पोहे देऊन पसंत झालीस ना? आता परत बस पाटावर. या वेळी पोहे ती देईल, एवढाच फरक."

पुढचे चार दिवस माझी शिकवणी चालली. मी वही काढली. आपांना वहीचं फार हसू यायचं, पण मी लिहून घेतलेलं त्या तपासायच्या. आत शिरताना उजवा पाय, घेताना उजवा हात. सगळ्यात वडील बाईला आधी सलाम, मग उजवीकडून एकेकीला. चेहऱ्यावरच्या मुखवट्याकडे टक लावून बघायचं नाही. हे बरं झालं सांगितलं ते, कारण निळीत भिजवून सोन्यासारखा चमकवलेला तो कापडी मुखवटा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो पितळेचाच वाटला होता. घरातली वस्तू फार वाखाणायची नाही, नाहीतर ती उचलून देतील आणि मग घेताही येत नाही, टाकताही येत नाही. आपल्याकडे तीनदा नको म्हणून चौथ्यांदा घेतात, तसं इथे करायचं नाही, पहिली कॉफी घ्यायचीच. पुरे झाली की वाटी बोटांत धरून हलकेच हलवायची. तोंडाने बोलायचं नाही. घरातल्या पुरुषांची नावं घेऊन चौकशी नको. मी रिकाम्या वाटीने हा सराव इतका केला, की करीमभाई म्हणाले, हिचं मनगट मुरगळेल.

वल्ह्याच्या होडीतून, तिथे तिला अब्रा म्हणतात, आम्ही दोघी पलीकडे गेलो तेव्हा परीक्षेच्या सकाळसारखी मी वाटभर वही वाचत होते. गल्ली अरुंद, दोन्हीकडे पोवळ्याच्या दगडांच्या भिंती, त्यांना रस्त्याच्या बाजूने खिडकीच नाही. दार उघडलं आणि आत एकदम मोकळं अंगण, बोरीचं झाड, कडेला मडक्यांतलं गार पाणी, आणि वरून वारा खाली उतरवणारा चौकोनी मनोरा. त्या मनोऱ्याखालच्या खोलीत चटयांवर सहा-सात बायका बसलेल्या. मध्ये उम्म सईद, उंच, ताठ, हाताला मेंदी नाही. मी सगळं वहीबरहुकूम केलं. सलाम बरोबर, हात बरोबर. खजूर खाल्ले. डब्यातल्या अननसाच्या फोडी खाल्ल्या, त्या तिथे खास पाहुण्यांसाठी उघडत. कॉफी कडू, वेलदोड्याची, ती तीन वाट्या प्यायले आणि चौथ्याला वाटी अशी हलवली, की समोरच्या एका म्हातारीने मान डोलावली. आपांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. मला वाटलं, फर्स्ट क्लास.

तेवढ्यात उम्म सईदची सून आतून मातीचं धुपाटणं घेऊन आली. खाली ताट, धुपाटण्यात निखारे, त्यावर ऊद. गोड, जड वासाचा धूर. ते एकीकडून दुसरीकडे फिरू लागलं. प्रत्येक बाई दोन्ही हातांनी तो धूर आपल्याकडे ओढून घ्यायची, ओढणीत घ्यायची, केसांकडे न्यायची. हे वहीत नव्हतं. पण मला वहीची गरजच वाटली नाही, कारण हे तर मला लहानपणापासून येत होतं. माझ्यासमोर धुपाटणं आलं तेव्हा मी दोन्ही तळवे निखाऱ्यांवर धरले, डोळ्यांना लावले, डोक्यावरून फिरवले, हात जोडले. आणि कमरेच्या पिशवीतून चार आणे काढून ताटात टाकले.

नाण्याचा आवाज झाला. बाकी सगळे आवाज थांबले. उम्म सईदने वाकून ते नाणं दोन बोटांत उचललं, पाहिलं, शेजारी चटईवर ठेवलं. धुपाटणं पुढे गेलं, शेवटच्या बाईपर्यंत पोचलं आणि मग एकेक करून सगळ्या बायका उठल्या, निरोप घेऊन चालू लागल्या. मी बसूनच. माझ्यामुळे सगळं घर उठून चाललंय, असं मला वाटलं. आपांनी माझा दंड धरून मला उठवलं.

आम्ही होडीत बसलो. मग आपा म्हणाल्या, "चूक माझी. कॉफी सांगितली, चप्पल सांगितली, ऊद सांगायचा राहिला. मला आता त्यात सांगण्यासारखं काही वाटतच नाही ना." बायका उठल्या त्या माझ्यामुळे नव्हे, ऊद फिरला की पाहुण्यांनी उठायचंच असतं, आपल्याकडे निघणाऱ्या बाईला हळदीकुंकू लावतात तसं, असं त्यांनी समजावलं. आणि पैसा? मी विचारलं. पैसा मात्र वाईट झाला, त्या म्हणाल्या. ज्या वस्तीत वाटेवरच्या परक्याला तीन दिवस नाव न विचारता जेवू घालतात, तिथे मी कॉफीची किंमत ताटात टाकून आले होते... चार आणे.

शुक्रवारी ह्यांना सगळं सांगितलं. हे स्वभावाने शांत. रागावले नाहीत, पण दुसऱ्याच दिवशी बोटीच्या डेकचं तिकीट काढून आले. बारा दिवसांनी बोट होती. घर दुसरीकडे नव्हतंच आणि मुदत संपत आलेली. मी पत्र लिहीन, तीन वर्षं बघता बघता जातील, असं ते म्हणत होते आणि खिडकीबाहेर बघत होते. मी ट्रंक भरायला घेतली. पण माफी मागितल्याशिवाय जायचं नाही, असं मी ठरवलं होतं. करीमभाईंकडून अरबी वाक्यं उतरवून घेतली, पाठ केली. आपांनी ती वही मिटली. म्हणाल्या, "माफी मागायला गेलीस, तर तिला तुला माफ करावं लागेल. पाहुणी म्हणून गेलीस, तर तिला नुसती कॉफी द्यावी लागेल. जे सोपं आहे ते तिला करू दे की." आणि लगेच धावतही जायचं नाही, नेहमीच्या वारीच जायचं, असं म्हणून त्यांनी मला पाच दिवस थांबवलं. बारातले पाच दिवस. त्या दिवसांत मी आपांच्या घरातला प्रत्येक पितळी डबा घासला.

दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा उम्म सईद आणि तिची सून, दोघीच होत्या. कॉफी झाली. कुणी काही काढलं नाही. मग उम्म सईदने वाटी खाली ठेवली आणि आपांना सरळ विचारलं, ह्या मुलीने माझ्या निखाऱ्यांत पैसा का टाकला? आपांनी मला मराठीत सांगितलं, विचारतेय ते खरंखरं सांग, मला सांगतेस तसं. मी सांगितलं. आमच्याकडे देवापुढे आरती करतात, मग ते ताट सगळ्यांपुढे फिरतं, सगळे त्यावर हात धरून डोळ्यांना लावतात. रिकाम्या हाताने आरती घ्यायची नसते. माझे वडील शाळेत शिपाई, घरात कमतरता पुष्कळ, पण देवळात जाताना ते माझ्या मुठीत एक पैसा द्यायचेच. आपली मुलगी ताटापुढे रिकामी उभी राहू नये म्हणून. "मी तुमच्या कॉफीचे पैसे दिले नाहीत. मला वाटलं, इथे रिकाम्या हाताने बसले तर तुम्हाला वाईट वाटेल." एवढं बोलून मी थांबले. एका मुसलमान बाईच्या घरात मी देवाची आरती काढून बसले होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

आपांनी ते अरबीत सांगितलं. मी बोलले त्याच्या दुप्पट वेळ त्या बोलत होत्या. मधे एकदा त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. उम्म सईद ऐकत होती, मुखवट्यामुळे चेहरा कळत नव्हता. मग तिने एकच प्रश्न विचारला. ताट गोल असतं का आणि लोक रांगेत उभे राहतात का? मी मान हलवली, गोल असतं, आणि ताट रांगेतून फिरतं. आणि ती बाई हसायला लागली. हसता हसता मुखवट्याच्या खालून डोळे पुसायला लागली. सून घाबरून पाण्याला धावली.

मग कळलं ते असं. तिचा नवरा गलबत घेऊन मुंबईला, कोकणातल्या बंदरांना जायचा. आल्यावर अंगणात बसून तिकडच्या गोष्टी सांगायचा. त्यातली एक, की तिथे एका देवळापाशी लोक रांगेत उभे राहून गोल ताटात विस्तव फिरवतात, त्यावर हात शेकून तोंडावरून फिरवतात आणि विस्तवाच्या ताटात पैसे टाकतात. उम्म सईदचा त्यावर कधी विश्वास बसला नाही. एवढ्या लांबून आलास आणि मला असल्या थापा सांगतोस, विस्तवात कोण पैसा टाकेल, म्हणून ती त्याला चिडवायची. फरीजमधल्या बायकाही चिडवायच्या. तो वैतागून म्हणायचा, एक दिवस कुणीतरी येऊन सांगेल तुम्हाला. "तर मग नाखुदा खरं बोलत होता," असं ती आपांना पुन्हा पुन्हा म्हणाली. "चार वर्षं झाली त्याला जाऊन. मी त्याला खोटारडा म्हणत राहिले." तिने मला हात धरून नीट करून दाखवायला लावलं, तळवे असे, डोळे असे. मग शेजारच्या दोघींना बोलावून त्यांच्यापुढेही करायला लावलं. नवऱ्याची बाजू घ्यायला ती चांगली वर्षानुवर्षं वाट बघत असल्यासारखी. ते चार आणे मात्र तिने मला परत दिले नाहीत. नवऱ्याच्या सागवानी पेटीत ठेवले.

खोलीविषयी ती शेवटपर्यंत बोलली नाही. निघताना दारात आपांना म्हणाली, गोड्या पाण्याचं गाढव सकाळी लवकर येतं, हिला सांग घागरी येताना घेऊन ये. आपांनी मला ते मराठीत सांगितलं आणि मला काही कळेना, कसल्या घागरी. "अगो बीए," आपा म्हणाल्या, "घर मिळालं तुला." त्या शुक्रवारी ह्यांनी तिकीट परत केलं.

त्या खोलीत आम्ही पाच वर्षं राहिलो. माझा थोरला मुलगा तिथेच झाला आणि त्या दिवसापासून मीही त्या गल्लीत मुलाच्या नावाने उम्म झाले. उन्हाळ्यात सगळे गच्चीवर झोपायचो, मध्ये खजुराच्या झावळ्यांचा आडोसा. रमजानात दुपारी मी चूल पेटवायची नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मी आपलं ठरवलं होतं. ते कळल्यावर उम्म सईद स्वतः येऊन रागावली, पोटात पोर आहे आणि ही उपाशी बसते म्हणून, आणि समोर उभी राहून मला खायला लावलं. ईदला त्यांच्याकडून हरीस यायचं, म्हणजे गहू आणि मटण एकत्र घोटून केलेलं, पण माझ्यासाठी मटण घालण्याआधीच वेगळा काढलेला नुसता गहू. मी दिवाळीला करंज्या द्यायचे, त्या तिला इतक्या आवडल्या की पुढे तिने सुनेला माझ्याकडे शिकायला बसवलं. एकदा घरात ती मुखवटा काढून माझ्यासमोर बसली तेव्हा तिच्या नाकावर, कपाळावर निळीचा निळसर डाग उमटलेला दिसला. मी नजर वळवली. ती म्हणाली, बघ, बघ, आता काय. दर गुरुवारी आपा होडीतून यायच्या. आम्ही तिघी बोरीखाली बसायचो. दोघी अरबीत बोलायच्या, मी कान देऊन शिकायचे.

असं करता करता दोन वर्षांनी माझं अरबी बरं झालं, तेव्हा मी उम्म सईदला एकदा विचारलं, त्या दिवशी आपा एवढं लांब काय बोलत होत्या? मी तर थोडंच बोलले होते. उम्म सईदला आश्चर्य वाटलं, तुला सांगितलं नाही तिने? आपांनी आधी माझं बोलणं जसंच्या तसं सांगितलं होतं, आरतीसकट, काही लपवलं नाही. आणि मग पुढे म्हणाल्या होत्या, ही माझी बहीण आहे, तिला आत आणली मी, शिकवायचं राहिलं ते माझ्याकडून. तिच्यासाठी दार बंद करणार असशील तर आजपासून माझ्यासाठीही कॉफी ओतू नकोस.

दीड महिन्याची ओळख होती तेव्हा आमची. परमुलखात मायेचं म्हणून जे एक घर आपांना होतं, ते त्यांनी माझ्यासाठी पणाला लावलं होतं. आणि परतीच्या होडीत नुसत्या मशेरीच्या डबीचं झाकण लागत नाही म्हणून कुरकुरत बसल्या होत्या. गुरुवारी त्या आल्या तेव्हा मी विचारलं. त्यांनी साफ कानावर हात ठेवले. "मी काय जास्त बोलले? अरबीत सगळं लांबच होतं."

पुढे ह्यांची बदली झाली, आम्ही कराडला घर बांधलं. करीमभाई गेल्यावर आपाही दुकान विकून गावी परतल्या. वर्षातून एकदा तरी मी घाट उतरून त्यांच्याकडे जायचे. गेल्या वर्षी गेले तेव्हा नव्वदीला टेकल्या होत्या, ऐकू कमी यायचं, पण मी उजव्या हाताने कप घेते का, हे बघत होत्या. उम्म सईदची आठवण निघाली की त्या म्हणायच्या, आपण तिथे पाहुण्या होतो, आणि तिने शेवटपर्यंत आपल्याला तसं वाटू दिलं नाही... मला ते त्यांच्याविषयीच वाटायचं. बोलायचं राहिलं.

इम्रानच्या फोननंतर दुसऱ्या आठवड्यात मी आपांच्या गावी गेले. इम्रान येऊन परत गेला होता. त्यांच्या सुनेने, शहनाजने, मला माजघरात बसवलं, आम्ही दोघी थोडं रडलो, थोडं बोललो. दुपारचे चार वाजले तशी ती उठली, पुढच्या दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघडल्या, ओटीवर चटई अंथरली आणि चहाचा थर्मास आणून ठेवला. कुणी येणार आहे का, म्हणून मी निघायला लागले, तर ती म्हणाली, "बसा ना मावशी. आपांची वेळ आहे." गावी आल्यापासून आपांचा हा नेम होता म्हणे. चार ते दिवेलागणीपर्यंत दार उघडं, कुणीही बाई येऊन बसेल, तिला काय काम आहे म्हणून विचारायचं नाही. माझं येणं नेहमी सकाळच्या एस्टीने आणि जाणं दुपारच्या, त्यामुळे मला हे कधी दिसलंच नव्हतं.

एकेक बायका आल्या, बसल्या. कुणी शेंगा सोलायला घेऊन आलेली, कुणी नुसतीच. दाराशेजारी भिंतीला टेकून आपा बसायच्या ती जागा सगळ्यांनी सोडली होती. तिथली सतरंजीही कुणी हलवलेली नव्हती. इतक्यात पायरीशी एक पोरगी येऊन थबकली. उपकेंद्रात नवीन आलेली नर्स, परभणीकडची, गावात येऊन तिला आठच दिवस झाले होते. चप्पल काढावी की नाही, अशा विचारात, नंतर येते, म्हणत होती. शहनाज म्हणाली, ये ना. ती आत आली, सगळ्यांकडे बघत ओशाळं हसली, आणि रिकामी जागा दिसली तिथे, दाराशेजारी सतरंजीवर जाऊन बसली.

शेंगा सोलणारे हात एक क्षण थांबले. मग माझ्या शेजारची बाई तिच्याकडे सरकली, आपली शेंगांची परडी दोघींच्या मध्ये ठेवली, आणि शहनाजने थर्मास उघडून पहिला चहा त्या पोरीच्या हातात दिला.